विश्लेषण : कुसुमाग्रज ‘क’मध्ये की ‘श’मध्ये? प्रबंधाच्या संदर्भसूचीत एवढा काटेकोरपणा का लागतो?

नाशिकमधला एखादा विद्यार्थी मराठी साहित्यावर प्रबंध लिहीत असेल, तर शेवटच्या पानांवर एक साधा वाटणारा प्रश्न त्याला हमखास अडवतो. ‘विशाखा’ या कवितासंग्रहावर कवीचे नाव कुसुमाग्रज असे आहे. ‘नटसम्राट’ या नाटकावर नाव आहे वि. वा. शिरवाडकर. माणूस एकच. मग संदर्भसूचीत त्यांची नोंद ‘क’खाली करायची की ‘श’खाली? मार्गदर्शक एक सांगतात, विभागातले दुसरे प्राध्यापक दुसरेच सांगतात आणि बाइंडिंगवाल्याला फाइल उद्या सकाळी हवी असते.

हा प्रश्न आता केवळ पीएच.डी. करणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘संशोधन पद्धती’ हा विषय आणि संशोधन प्रकल्प आले. नाशिकमध्ये तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) अशी राज्यभर पसारा असलेली दोन विद्यापीठे आहेत. शिवाय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये वेगळी. म्हणजे दरवर्षी या शहरात आणि या शहराच्या नावावर असंख्य प्रकल्प आणि प्रबंध तयार होतात. त्या प्रत्येकाच्या शेवटी ‘संदर्भसूची’ नावाची चार-दहा पाने असतात. बहुतेक वेळा ती सर्वांत शेवटी, सर्वांत घाईत लिहिली जातात.

त्या पानांत स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे यावर एवढा वाद का होतो, हे समजून घेण्यासाठी आधी ती यादी कशासाठी असते ते पाहायला हवे.

संदर्भसूची म्हणजे नेमके काय?

सोप्या भाषेत सांगायचे तर पत्ता. लेखकाने एखादे विधान केले आणि ते कुठून घेतले हे सांगितले, तर वाचकाला त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावता आले पाहिजे. कोणी लिहिले, कधी लिहिले, काय लिहिले आणि ते कुठे सापडेल, या चार गोष्टी त्यासाठी लागतात. जगातल्या सगळ्या पद्धती याच चार गोष्टी वेगवेगळ्या क्रमाने मांडतात.

इथेच एक गफलत नेहमी होते. ‘संदर्भसूची’ आणि ‘ग्रंथसूची’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात. प्रबंधात ज्यांचा प्रत्यक्ष उल्लेख केला आहे, तेवढीच साधने संदर्भसूचीत येतात. वाचले पण उल्लेख केला नाही, अशी पुस्तके ग्रंथसूचीत येऊ शकतात. मजकुरात उल्लेख आहे पण यादीत नाही, किंवा यादीत आहे पण मजकुरात कुठेच नाही, हे दोन्ही दोषच. परीक्षकांना सर्वांत आधी दिसतात तेही हेच.

एका पानाच्या पत्राची किंमत

पत्ता नीट वाचला नाही तर काय होते, याचे आरोग्य क्षेत्रातले उदाहरण जगभर दिले जाते. आरोग्य विज्ञानाचे विद्यापीठ असलेल्या शहराने तर ते लक्षात ठेवावेच.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात १० जानेवारी १९८० रोजी एक छोटे पत्र छापून आले. जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांनी लिहिलेले, जेमतेम पाच वाक्यांचे. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूजन्य वेदनाशामक औषध किमान एकदा दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याचे दिसले, एवढेच त्यात म्हटले होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

पुढची सदतीस वर्षे या पत्राचा उल्लेख होत राहिला. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पडताळणीनुसार ६०८ लेखनांनी त्याचा आधार घेतला होता. त्यांतील ४३९ जणांनी, म्हणजे ७२ टक्क्यांहून अधिक जणांनी, ‘अशा औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून ते वापरले. सुमारे ८१ टक्के लेखनांत ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे सांगितलेच नव्हते. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने जो हाहाकार उडवला, त्याला अशा बेफिकीर उल्लेखांचाही हातभार लागला, असे पडताळणी करणाऱ्यांचे म्हणणे होते.

आता यात संदर्भाच्या मांडणीचा काय संबंध? वैद्यकीय लेखनात वापरल्या जाणाऱ्या व्हँकुव्हर पद्धतीत, छापलेला मजकूर लेख नसून पत्र असेल तर शीर्षकानंतर चौकटी कंसात ‘पत्र’ असे लिहिण्याची सोय आहे. पृष्ठ क्रमांकही बोलका असतो. या पत्राचा पत्ता ‘खंड ३०२, पृष्ठ १२३’ असा आहे. ‘१२३ ते १३१’ असा नाही, एकच पान. नोंद नीट लिहिली आणि नीट वाचली, तर मूळ मजकूर न उघडताही शंका यावी की अकरा हजार रुग्णांचा अभ्यास एका पानात कसा मावला? कंसातला एक शब्द आणि एक पृष्ठ क्रमांक एवढे सांगून जातात. परीक्षक ज्यासाठी प्रबंध परत पाठवतात, ते हे तपशील आहेत.

वेगवेगळ्या पद्धती आल्या कुठून?

मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव आणि वर्ष द्यायची पद्धत ‘हार्वर्ड’ नावाने ओळखली जाते. तिचे मूळ एका गोगलगायीवरील शोधनिबंधात सापडते. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये तो लिहिला आणि त्यात पहिल्यांदा नाव-वर्ष अशी खूण वापरली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९२९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये लेखनाच्या सूचनांचा सात पानांचा लेख छापला. त्याचेच आजचे रूप म्हणजे ‘एपीए’ पद्धतीचे चारशेहून अधिक पानांचे पुस्तक. सध्या चालू असलेली सातवी आवृत्ती २०१९ च्या अखेरीस आली. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य आणि व्यवस्थापन या विषयांत बहुधा हीच मागितली जाते.

डॉक्टर मंडळींची गोष्ट वेगळी. १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर शहरात जमले. प्रत्येक नियतकालिकाची मांडणी निराळी असल्याने एकीकडून नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवताना संपूर्ण यादी पुन्हा टाइप करावी लागे, तेही टाइपरायटरच्या काळात. यावर तोडगा म्हणून समान नियम ठरले आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत मजकुरात फक्त आकडा येतो आणि यादी अकारविल्हे न लावता, मजकुरात जो संदर्भ आधी आला तो आधी, अशी लागते. अभियांत्रिकीत चालणारी ‘आयईईई’ पद्धतही आकड्यांचीच. साहित्य आणि भाषांसाठी ‘एमएलए’, इतिहासात तळटिपांची ‘शिकागो’. बाकी तपशील ज्याच्या त्याच्या विषयानुसार.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर नाशिकचेच उदाहरण घेऊ. पांडवलेणीतील शिलालेखांवर फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार यांनी लिहिलेला निबंध आजही सातवाहनांवरील प्रत्येक अभ्यासात येतो. (मूळ नोंद रोमन लिपीत असते, इथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहे.)

एपीए पद्धतीने : सेनार, ई. (१९०५-०६). दि इन्स्क्रिप्शन्स इन द केव्ह्ज ॲट नासिक. एपिग्राफिया इंडिका, ८, ५९-९६.

व्हँकुव्हर पद्धतीने : सेनार ई. दि इन्स्क्रिप्शन्स इन द केव्ह्ज ॲट नासिक. एपिग्राफिया इंडिका. १९०५-०६;८:५९-९६.

माहिती तीच, फक्त वर्षाची जागा बदलली, आद्याक्षरापुढचा टिंब गेला आणि कंस गेले. दोन्हींपैकी कोणतीही वापरा, पण पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तीच वापरा. आणि कोणती हे स्वतः ठरवण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक किंवा विभागाची सूचना आधी पाहा, कारण तिथे स्पष्ट नियम असेल तर जगातले कोणतेही पुस्तक त्यापुढे चालत नाही.

वरच्या नोंदीत आणखी एक गोष्ट दडली आहे. शीर्षकात ‘नासिक’ असे आहे, ‘नाशिक’ नव्हे. अनेक विद्यार्थी शुद्धलेखन दुरुस्त करावे तसे ते ‘नाशिक’ करून टाकतात. ही दुरुस्ती चूक आहे. शीर्षक जसे छापले तसेच उतरवायचे, कारण ग्रंथालयाच्या तालिकेत आणि संगणकावरील शोधात ते तसेच सापडते. मुखपृष्ठावर प्रकाशनस्थळ ‘बॉम्बे’ किंवा ‘पूना’ असेल तर तेही तसेच राहते. (एपीएच्या सातव्या आवृत्तीने मात्र प्रकाशनस्थळ लिहिण्याची अटच काढून टाकली आहे. जुन्या नमुन्यावरून नक्कल करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते.)

‘नाशिक गॅझेटियर, पृ. ४०’ हा दुसरा स्थानिक सापळा. कोणते गॅझेटियर? जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्यावर आहे, तो १८८३ चा. महाराष्ट्र शासनाने नंतर काढलेले नाशिक जिल्हा गॅझेटियर वेगळे. एकात ब्रिटिश अमदानीतला जिल्हा आहे, दुसऱ्यात स्वातंत्र्यानंतरचा. वर्ष लिहिले नाही तर गोदावरीच्या पुराचे किंवा पिकांचे आकडे शंभर वर्षे मागे-पुढे होऊ शकतात.

मराठी संदर्भसूचीची खरी अडचण

वरच्या सगळ्या पद्धती इंग्रजीसाठी घडल्या. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याला मात्र नावापासूनच अडचणी सुरू होतात.

आधी सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर जे नाव छापले आहे, त्याच नावाने नोंद करावी, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे ‘विशाखा’ येईल ‘क’खाली, कुसुमाग्रज या नावाने, आणि ‘नटसम्राट’ येईल ‘श’खाली, ‘शिरवाडकर, वि. वा.’ असे. वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून कुसुमाग्रज या नोंदीपुढे कंसात ‘शिरवाडकर, वि. वा. पाहा’ अशी जोडटीप द्यायची. राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज यांचेही तसेच. एमएलए पद्धत एकाच लेखकाची सगळी पुस्तके एका नावाखाली आणायलाही परवानगी देते. तसे केले तर ते सगळ्या टोपणनावांना सारखे लागू करावे. केशवसुतांना एक न्याय आणि बालकवींना दुसरा, असे नको.

संगणकाला हे समजावणे हा आणखी एक उद्योग. संदर्भांची सॉफ्टवेअर नाव आणि आडनाव असे दोन रकाने मागतात. ‘कुसुमाग्रज’ कुठे टाकायचे? काही जण नावाचे दोन तुकडे करतात आणि यादीत ‘अग्रज, कुसुम’ उगवतात! झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नावाचा एकच रकाना ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्यासाठी आणि ‘महाराष्ट्र शासन’सारख्या संस्थालेखकांसाठीही हाच मार्ग.

मग येतात पदव्या. ‘प्रा. डॉ.’, ‘कै.’, ‘सौ.’, ‘पद्मश्री’. आदर म्हणून मराठी माणूस नावाआधी हे लावतो. मजकुरात ते चालेलही, संदर्भसूचीत नाही. कारण व्यावहारिक आहे. संगणकाला यादी अकारविल्हे लावायला सांगितली की निम्मे लेखक ‘ड’मध्ये आणि उरलेले ‘प’मध्ये जाऊन बसतात.

अकारविल्हेही वाटतो तितका सरळ नाही. शाळेच्या तक्त्यात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी असतात. संगणकाच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. त्यामुळे सॉफ्टवेअरला मजकूर मराठी आहे हे सांगितलेले नसेल, तर ‘क्षीरसागर’ बहुधा ‘क’च्या पोटात सापडतात. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या यादीची तर गोष्टच सोडा. पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत साठवलेली अक्षरे रोमन असतात आणि क्रम त्यांच्यानुसार लागतो. युनिकोडमध्ये टाइप करण्याचा आग्रह धरण्याचे हे एक मोठे कारण.

आद्याक्षरांचाही घोळ होतो. मराठीत ‘रा. चिं. ढेरे’ अशी अक्षरे येतात, इंग्रजीत त्याची ‘आर. सी.’ होतात. शिरवाडकरांचे स्पेलिंग कोणी ‘डब्ल्यू’ने करतो, कोणी ‘व्ही’ने. एकाच प्रबंधात एकच लेखक तीन रूपांत आला की संगणक त्यांना तीन माणसे समजतो. हयात संशोधकांसाठी यावर ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी ओळख क्रमांक २०१२ पासून मोफत मिळतो. ‘पाटील एस.’ नावाचे किती संशोधक महाराष्ट्रात असतील, याचा विचार केला की त्याची गरज कळते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक महिलांना तर तो विशेष उपयोगी आहे, कारण आधीचे आणि नंतरचे लेखन त्याने एकत्र राहते.

जुन्या मराठी पुस्तकांवर वर्ष शके असते. ते तसेच लिहून पुढे कंसात इसवी सन द्यावा. शक संवत्सर चैत्रात सुरू होते, म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि त्यानंतर फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. महिना माहीत नसेल तर ‘शके १८०५ (१८८३-८४)’ असे दोन्ही वर्षे जोडून लिहिणे सुरक्षित. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतही फरक आहे. मजकूर बदलून पुन्हा काढलेली ती आवृत्ती, तोच मजकूर पुन्हा छापला तर पुनर्मुद्रण. पृष्ठ क्रमांक ज्या प्रतीतून घेतले, त्या प्रतीचा तपशील द्यायचा. हातात आहे ती सातवी आवृत्ती आणि यादीत वर्ष पहिल्या आवृत्तीचे, असे झाले तर पाने जुळत नाहीत.

तळटिपांत वापरला जाणारा ‘तत्रैव’ हा शब्द दिसायला भारदस्त, पण संगणकाच्या काळात घातक. त्याचा अर्थ ‘लगेच वरच्याच ठिकाणी’. परिच्छेद उचलून दुसरीकडे डकवला की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतो. शिकागो पद्धतीनेही २०१७ च्या आवृत्तीपासून त्याच्या इंग्रजी भावंडाऐवजी लेखकाचे आडनाव आणि छोटे शीर्षक देण्याकडे कल दाखवला. मराठीतही तसे करायला हरकत नसावी.

नाशिकमध्ये कांदा, द्राक्षे, पाणी यांवर काम करणाऱ्यांना शासन निर्णय आणि वृत्तपत्रे यांचा आधार घ्यावाच लागतो. शासन निर्णयाच्या नोंदीत विभाग, विषय, क्रमांक आणि दिनांक हवा. संकेतस्थळावरील निर्णयावर संगणक संकेतांक असतो, तोही लिहिला की शोधणे सोपे. वृत्तपत्राचे नाव आणि तारीख पुरेशी नसते, आवृत्ती लिहायलाच हवी. नाशिक आवृत्तीच्या तिसऱ्या पानावरची बातमी पुणे आवृत्तीत असेलच असे नाही.

‘कॉपी’ तपासणीशी याचा संबंध काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम जारी केले. त्यानुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के साम्य आढळल्यास वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते.

हे साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि नीट श्रेय देऊन उद्‌धृत केलेला मजकूर वगळायचा असतो. साहजिकच आहे, कारण त्याच पुस्तकाची अचूक नोंद हजार प्रबंधांत सारखीच असणार. पण वगळण्याचे काम सॉफ्टवेअर करते आणि ते यादी ओळखते तिच्या शीर्षकावरून आणि मांडणीवरून. शीर्षकच नसेल, यादी प्रकरणांच्या मध्येच घुसवली असेल किंवा अवतरणचिन्हे राहिली असतील, तर प्रामाणिक विद्यार्थ्याचाही आकडा फुगू शकतो. अहवाल हातात आला की आकडा पाहून घाबरण्याआधी त्यात संदर्भसूची मोजली गेली आहे का, हे मार्गदर्शकांसोबत तपासावे.

सॉफ्टवेअर आणि एआयवर सोपवले तर?

झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले. मेंडेली त्याच्या नंतरचे. पुस्तकाची माहिती एकदा भरली की हवी ती पद्धत निवडायची, यादी आपोआप तयार होते. व्हँकुव्हर पद्धतीत मध्येच एक संदर्भ वाढला तर पुढचे सगळे आकडे बदलतात. हाताने आकडे टाकणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या रात्री यातच जातात. त्यांनी तरी हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरावे. मराठी यादीत मात्र ते मध्येच रोमन लिपीत ‘एट अल’ उमटवू शकते. तिथे ‘व इतर’ हाताने करावे लागते. मराठी आणि इंग्रजी साधनांच्या याद्या वेगळ्या ठेवण्याची प्रचलित रीत इथे उपयोगी पडते.

पण सॉफ्टवेअर फक्त मांडणी करते. आत भरलेली माहिती खरी आहे का, ते त्याला कळत नाही. दुसऱ्याच्या यादीतून नोंद जशीच्या तशी उचलण्याची सवय किती जुनी आहे, हे मिखाईल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये दाखवले. भौतिकशास्त्रातील १९७३ च्या एका गाजलेल्या लेखाचे सुमारे ४,३०० उल्लेख त्यांनी पाहिले. त्यांत १९६ उल्लेखांत छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५. एकच चुकीचा पृष्ठ क्रमांक ७८ ठिकाणी होता. अठ्ठ्याहत्तर जणांनी स्वतंत्रपणे तीच चूक करणे अशक्य. म्हणजे त्यांनी मूळ लेख न उघडता कोणाची तरी यादी उतरवली होती. उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ लेख वाचत असावेत, असा या दोघांचा अंदाज.

याहून मजेशीर प्रकार २०१७ मध्ये ॲन-विल हार्झिंग यांनी समोर आणला. ‘संदर्भ कसा लिहावा’ हे दाखवण्यासाठी एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांच्या सूचनांत एक काल्पनिक नोंद दिली होती. व्हॅन डेर गीअर आणि इतरांचा, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरील, सन २००० मधला लेख. असा लेखच नाही. तरीही जवळपास ४०० शोधनिबंधांच्या यादीत तो पोहोचला, बहुधा नमुन्यातली ओळ पुसायची राहून गेल्यामुळे. संपादकांच्या नजरेतूनही तो सुटला, कारण त्याची मांडणी अगदी निर्दोष होती.

एआयने नेमकी हीच गोष्ट सोपी केली आहे. चॅटजीपीटीला संदर्भ मागितले तर आडनाव, वर्ष, खंड, पृष्ठे असे सगळे जागच्या जागी असलेली नोंद मिळते. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात ३.५ या आवृत्तीने दिलेले ५५ टक्के आणि ४ या आवृत्तीने दिलेले १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नसल्याचे आढळले. जे खरे होते, त्यांतही बऱ्याच नोंदींत मोठ्या चुका होत्या. पूर्वी वेडीवाकडी नोंद दिसली की परीक्षकाला संशय यायचा. आता निर्दोष नोंदही तपासावी लागते.

तपासणी फार अवघड नाही. अलीकडच्या लेखांना ‘डीओआय’ हा कायमस्वरूपी क्रमांक असतो. तो डीओआय डॉट ओआरजी या संकेतस्थळावर टाकला की थेट मूळ लेखाचे पान उघडायला हवे. वेगळाच लेख उघडला किंवा काहीच उघडले नाही, तर ती नोंद बाजूला काढावी. मराठी नियतकालिकांतील अनेक लेखांना असा क्रमांक नसतो. तिथे अंक प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत पाहता येतात. मात्र तिथल्या एखाद्या प्रबंधाची संदर्भसूची नमुना म्हणून घ्यावी, त्यातल्या नोंदी नाहीत.

आणि पुस्तक हातात असतानाच एक काम उरकून घ्यावे. १८४० पासून सुरू असलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात असो की महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, पुस्तक परत करण्याआधी मोबाइलवर तीन फोटो काढायचे : शीर्षकपृष्ठ, त्याच्या मागचे पान आणि ज्या पानावरून मजकूर घेतला ते पान, क्रमांक दिसेल असे. मागच्या पानावर आवृत्ती, वर्ष, प्रकाशक हे सारे असते आणि बरेच जण ते पाहतच नाहीत. फोटोंच्या फोल्डरला लेखकाचे आडनाव द्यायचे. कुसुमाग्रजांसाठी दोन फोल्डर लागतील.